हेड खोलण्यापूर्वी: घरी बांधलेल्या बग्गीतले कूलंट जाते कुठे?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे काही चुकत असल्यास तुम्हाला लगेच सांगता येईल. गुहागर तालुक्यातल्या तुमच्या बागेत चालवण्यासाठी तुम्ही पाइपाची चौकट वेल्ड करून एक उघडी बग्गी बांधली आहे. मारुती जिप्सीचे १३०० सीसीचे इंजिन मागे, रेडिएटर पुढे नाकाशी आणि दोन्हींना जोडणारे लोखंडी पाइप फरशीच्या पत्र्याखालून, अशी रचना आहे. रेडिएटरचे झाकण आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली मूळ गाडीतलीच पुढे बसवली आहे. खाडीकाठच्या आगरातून पेट्या भरून गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढली की तापमानाचा काटा पाऊण भागापर्यंत जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर सुमारे अर्धा लिटर कूलंट कमी झालेले असते. गाडीखाली थेंबही दिसत नाही. झाकण बदलून झाले, वॉटर पंप बदलून झाला, आणि आता गॅरेजमध्ये हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेल्याचे सांगितले आहे. तेव्हा हेड खोलावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की आत्ता खोलू नका. गॅस्केट गेलेलीच नाही असे मी इथून सांगू शकत नाही, परंतु ती गेल्याचा एकही पुरावा तुमच्या वर्णनात नाही. उलट दुसऱ्याच कारणाकडे बोट दाखवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत.

रत्नागिरीच्या बाजूला गाड्यांची आणि मच्छीमार होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो, आणि अधूनमधून तुमच्यासारख्या हौशी माणसाने बांधलेले वाहनही कामाला येते. या दोन प्रकारच्या कामांत एक मूलभूत फरक आहे. कंपनीतून आलेल्या गाडीचे पाणी कमी होऊ लागले तर तिची कूलिंगची यंत्रणा कालपर्यंत नीट चालत होती हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून बिघडलेला भाग शोधणे योग्य ठरते. घरी बांधलेल्या गाडीत मात्र ही यंत्रणा त्या रचनेत एकदाही नीट चाललेली नसण्याची शक्यता असते. प्रत्येक भाग निर्दोष असूनही ते ज्या उंचीवर आणि ज्या क्रमाने जोडले आहेत त्यामुळेच कूलंट बाहेर फेकले जाऊ शकते. अशा वेळी एकामागून एक भाग बदलत गेलो तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. म्हणून तुमच्या गाडीत आधी मांडणी तपासावी आणि भाग नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे मी जे सांगतो आहे त्यातले काही तुमच्या गाडीच्या मापांवर अवलंबून आहे. पाइपाचा आतला व्यास, इंजिनावरच्या थर्मोस्टॅटच्या (तापमानाप्रमाणे उघडणाऱ्या झडपेच्या) कोपराची जमिनीपासूनची उंची, रेडिएटरच्या मानेची (झाकण बसते त्या तोंडाची) उंची आणि झाकणावर छापलेला दाब या चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. मी बत्तीस मिलिमीटर व्यासाचे, जाऊन-येऊन मिळून सहा मीटर लांबीचे पाइप आणि ०.९ बारचे झाकण धरून चाललो आहे. तसेच यंत्रणा पूर्ण रिकामी करून नुकतीच भरली असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत आतली हवा निघत जाते आणि पातळी थोडी उतरते. ती गळती नव्हे. तुमच्याकडे मात्र हे महिनोन्‌महिने चालू आहे, त्यामुळे ते कारण मी बाजूला ठेवतो.

सर्वांत आधी एक साधा प्रयोग करा, ज्याला खर्च जवळजवळ नाही. इंजिन पूर्ण गार असताना, गाडी सपाट जागी उभी करून, यंत्रणा काठोकाठ भरा. झाकणाच्या मानेतून बाटलीकडे जाणारी ओव्हरफ्लोची नळी बाटलीपासून सोडवा, तिला लांब पारदर्शक नळी जोडा आणि तिचे टोक दोन लिटरच्या स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत तळापर्यंत सोडा. बाटलीत आधी मोजून अर्धा लिटर कूलंट घाला आणि त्या पातळीवर मार्करने रेघ ओढा. बाटली चौकटीला घट्ट बांधा, तोंड हवाबंद करू नका. मग नेहमीसारख्या पेट्या भरून सड्यावर जाऊन या. परत आल्याबरोबर पातळी पाहा आणि रात्रभर गार झाल्यावर पुन्हा पाहा. इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका. दाबाखालचे कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, पण झाकण उघडताच क्षणार्धात त्याची वाफ होते आणि ते चेहऱ्यावर उसळते. आमच्याकडे येणाऱ्या भाजलेल्या हातांचे हे नेहमीचे कारण आहे.

या प्रयोगातून सगळ्या शोधाची दिशा ठरते. गरम असताना बाटलीत अर्धा लिटर वाढले आणि सकाळपर्यंत ते परत आत गेले, तर यंत्रणा निरोगी आहे आणि तुमची मूळ बाटली फक्त लहान पडते आहे. वाढले, पण सकाळी परत गेले नाही, तर कूलंट बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी हवा आत ओढली जाते. बाटलीत काहीच वाढले नाही आणि तरीही रेडिएटरमधले कमी झाले, तर मात्र खरी गळती आहे, बाहेर किंवा इंजिनाच्या आत. या तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि आतापर्यंत तुम्ही केलेला खर्च यातले कोणते हे ठरवण्याआधीच झालेला आहे.

माझा अंदाज पहिल्या दोन शक्यतांकडे झुकतो, त्याचे कारण हिशेबाने सांगतो. बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे ०.८ लिटर द्रव मावतो. सहा मीटरला जवळजवळ पाच लिटर झाले. इंजिन आणि रेडिएटर मिळून आणखी सुमारे पाच लिटर धरले तर तुमच्या गाडीत दहा लिटरच्या आसपास कूलंट आहे, म्हणजे मूळ गाडीच्या जवळजवळ दुप्पट. तीस अंशांवरून नव्वद अंशांपर्यंत तापताना साधे पाणी सुमारे तीन टक्क्यांनी फुगते आणि ग्लायकॉल मिसळलेले कूलंट सुमारे चार टक्क्यांनी. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना तुमच्या यंत्रणेतून दर वेळी तीनशे ते चारशे मिलिलिटर द्रव बाहेर येणारच. मूळ गाडीची बाटली याच्या निम्म्या फुगवट्यासाठी केलेली आहे. ती तुम्ही गार असताना वरच्या खुणेपर्यंत भरता, त्यामुळे चढणीवर ती तुडुंब भरते आणि उरलेले तिच्या तोंडातून नाकाखालच्या तांबड्या मातीत जाते. चालत्या गाडीतून, वाऱ्यात, मे महिन्याच्या उन्हात ते सुकायला कितीसा वेळ लागणार? घरी येऊन गाडीखाली पाहणाऱ्याला थेंब दिसत नाही, यात आश्चर्य नाही.

परंतु एवढ्याने काटा पाऊण भागावर का जातो हे उलगडत नाही. त्यासाठी झाकणाच्या जागेकडे पाहावे लागते, आणि तुमच्या गाडीतला मुख्य दोष मला तिथेच दिसतो. नेहमीच्या गाडीत रेडिएटरचे झाकण हे कूलंटच्या मार्गातले सर्वांत उंच ठिकाण असते, किंवा तसे नसेल तर उंचावर वेगळी टाकी असते. हवा वर चढते, झाकणाशी जमते, आणि कूलंट फुगले की सर्वांत आधी तीच बाहेर पडते. तुमच्याकडे झाकण पुढे, खाली नाकाशी आहे आणि इंजिनाचे डोके मागे त्याच्याहून उंच आहे. त्यामुळे हवा मागे हेडमध्ये आणि थर्मोस्टॅटच्या कोपरात अडकून बसते, आणि फुगवट्याचा दाब आला की झाकणातून हवेऐवजी कूलंट बाहेर पडते. कूलंट जाते, हवा राहते. पुढच्या फेरीला हवेचा वाटा आणखी वाढलेला असतो.

ही अडकलेली हवा निरुपद्रवी नसते. नव्वद अंशांना पाण्याच्या वाफेचा स्वतःचा दाबच सुमारे ०.७ बार असतो. झाकण दाब नीट धरत असेल तर हवेचा तो खिसा फारसा मोठा होत नाही, पण झाकण दाब धरत नसेल तर त्यात वाफ शिरून तो चौपटीच्या आसपास फुगू शकतो आणि तेवढे कूलंट एकदम बाहेर ढकलतो. शिवाय हेडच्या ज्या भागाला कूलंटऐवजी वाफ लागते तो भाग थंड होत नाही. तापमानाचा सेन्सर त्याच खिशात आला तर काटा आधी चढतो आणि मग अचानक खाली येतो. असा खाली आलेला काटा पाहून निश्चिंत होऊ नका, तिथेच इंजिन बंद करा, कारण वाफेतला सेन्सर खरे तापमान दाखवत नाही.

आता सड्याच्या चढणीचा विचार करा, कारण आपल्या कोकणातल्या बागांत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. पाचास एक अशा चढावर रेडिएटर आणि इंजिन यांच्यात अडीच मीटरचे अंतर असेल तर गाडीचे नाक जवळजवळ अर्धा मीटर वर जाते. सपाटीवर जे सर्वांत उंच ठिकाण होते ते चढणीवर सर्वांत उंच राहत नाही. चढताना हेडमधली हवा पाइपातून पुढे सरकून रेडिएटरच्या वरच्या भागात येते आणि तिथल्या नळ्या रिकाम्या पाडते, म्हणजे इंजिनावर सर्वाधिक ओझे असते नेमक्या त्याच वेळी रेडिएटरचा काही भाग निकामी होतो. उतरताना तीच हवा परत हेडमध्ये येते. सपाट रस्त्यावर तुमची गाडी ठीक चालते आणि सड्यावर जातानाच त्रास देते, त्याचे मला हेच कारण सर्वांत पटते. पाइप फरशीखालून जाताना मध्ये कुठे चौकटीच्या आडव्या पाइपावरून उडी मारून गेले असतील तर त्या उंचवट्यातही हवा धरून राहते, तेही पाहा.

कूलंट परत आत का जात नाही याचीही कारणे ठरावीक आहेत. झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेल्या दाबाला उघडून कूलंट बाहेर सोडते, आणि मधली छोटी झडप इंजिन गार होताना उघडून बाटलीतले कूलंट परत आत घेते. ही परतीची ओढ लागण्यासाठी झाकणाच्या वरच्या कडेला मानेवर बसणारा आणखी एक रबरी वॉशर लागतो. हा वॉशर नसलेली झाकणेही दुकानात मिळतात, त्यांवर दाबाचा आकडा तोच असतो आणि ती मानेवर बसतातही, पण ती कूलंट परत न घेता हवा घेतात. तुमचे नवे झाकण उलटे करून हा वरचा वॉशर आहे का ते पाहा. झाकणांची आतली खोलीही वेगवेगळी असते. खोल मानेवर आखूड झाकण लावले तर त्याची स्प्रिंग दाबलीच जात नाही आणि दाब धरला जात नाही. ओव्हरफ्लोच्या नळीला बारीकशी चीर असेल, किंवा तिचे टोक बाटलीच्या तळापर्यंत पोचत नसेल, तरीही हवाच ओढली जाते. नळी बोटाने वाकवून पाहा, खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात ती वाकवलेल्या जागी जाळीसारखी तडकते.

प्रयोगाचा निकाल माझ्या अंदाजाप्रमाणे आला तर उपाय म्हणजे उंचावरची टाकी. दीड ते दोन लिटरची, दाब सोसणारी टाकी तुमच्या मागच्या रोल-बारवर (गाडी उलटली तर डोके वाचवणाऱ्या उंच पाइपावर) बसवा. तिची जागा अशी निवडा की सड्याच्या चढणीवर नाक वर असतानाही तिचा तळ रेडिएटरच्या माथ्याच्या वर राहील. दाबाचे झाकण या टाकीवर लावा आणि रेडिएटरच्या मानेवर बिनझडपेचे बंद झाकण लावा. एका यंत्रणेत दाबाची दोन झाकणे ठेवू नका, कारण त्यांतले कमी दाबाचे झाकण आधी उघडते आणि दुसऱ्याला काही अर्थ उरत नाही. टाकीच्या तळातून सोळा ते एकोणीस मिलिमीटरची जाड नळी वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरकडून येणाऱ्या गार पाइपाला, शक्य तितकी पंपाजवळ जोडा. थर्मोस्टॅटच्या कोपराच्या माथ्यावरून एक आणि रेडिएटरच्या माथ्यावरून एक अशा सहा मिलिमीटरच्या दोन बारीक नळ्या टाकीच्या वरच्या भागात आणा. त्या एकमेकींना जोडून एकच करू नका आणि त्या सतत चढत्या ठेवा. अशा मांडणीत हवा दोन्ही टोकांकडून स्वतःच टाकीत येते आणि तिच्या जागी जाड नळीतून कूलंट जाते. टाकी गार असताना निम्मी भरावी, वरची जागा फुगवट्यासाठी मोकळी राहू द्यावी.

पंपाच्या ओढीच्या बाजूला जिथे रबरी होज आहे तिथे आत स्प्रिंग असलेला होज वापरा. इंजिनाचे फेरे वाढले की साधा, तापून मऊ झालेला होज आत चपटा होतो आणि प्रवाह कमी होतो. उभ्या गाडीत कोणीतरी एक्सलरेटर दाबला आणि तुम्ही होजकडे पाहिले तर हे डोळ्यांनी दिसते.

टाकी होईपर्यंतच्या दिवसांत हवा काढण्याची पद्धत बदलली तरी बराच फरक पडेल. आधी गाडी नाक खाली येईल अशी उतारावर उभी करा, थर्मोस्टॅटच्या कोपरावरचा बूच सैल करा आणि तिथून अखंड कूलंट येईपर्यंत सावकाश भरत राहा. नाक खाली असताना रेडिएटरच्या मानेतून भरता येणार नाही, म्हणून इंजिनाजवळच्या भरण्याच्या जागेतून भरा. बूच बंद करून गाडी वळवा, नाक वर येईल अशी उभी करा आणि आता रेडिएटरच्या मानेतून भरा. मोठे होज हाताने दाबत राहा, प्रत्येक दाबाबरोबर बुडबुडे वर येतात. चाकांच्या दोन्ही जोड्यांना जांभ्याचे चिरे अडकवल्याशिवाय उतारावर उभ्या गाडीजवळ काम करू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नका. इंजिन ठरल्या तापमानाला येण्यासाठी तो लागतो, आणि काही इंजिनांत तो काढल्यावर बायपासचा रस्ता कायम उघडा राहून बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरते. तो बसवताना त्यावरची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, कारण थर्मोस्टॅट बंद असताना हवा त्या छिद्रातून पुढे सरकते.

आता तिसरी शक्यता, बाटलीत काही वाढले नाही आणि तरी कूलंट गेले. तेव्हा हाताने चालवायचा दाब-तपासणी पंप मागवून घ्या, बऱ्याच गॅरेजमध्ये तो असतो. गार इंजिनावर तो मानेला लावून झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब द्या, त्याहून अधिक नको, आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहा. मग इंजिन तापवून, पुन्हा थोडे निवल्यावर हीच तपासणी करा, कारण काही गळत्या फक्त गार असताना आणि काही फक्त गरम असतानाच होतात.

तुमच्या गाडीत मला सर्वाधिक संशय लोखंडी पाइपांच्या टोकांचा येतो. कंपनीच्या पाइपाच्या टोकाला फुगीर कड असते, होज तिच्यावरून चढतो आणि क्लिप तिच्या मागे बसते. घरी कापलेल्या पाइपाचे टोक सपाट असते. त्यावर क्लिप कितीही आवळली तरी दाबाखाली आणि उष्णतेत तिथून केसाएवढी धार झिरपते. कापलेल्या टोकावर वेल्डिंगची एक सलग बारीक रांग फिरवून ती कानसून गुळगुळीत केली की हे थांबते. क्लिपही पाहा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधी क्लिप एका पावसाळ्यात गंजते. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू मात्र साध्या लोखंडाचा, अशाही क्लिपा विकल्या जातात. दुकानातच चुंबक लावून पाहा, स्क्रूला तो घट्ट चिकटला तर ती घेऊ नका. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदराजवळ होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत पूर्ण स्टेनलेसच्या क्लिपा मिळतात.

गळती शोधताना आपली तांबडी धूळ उपयोगी पडते. इंजिन धुऊन, पुसून, कोरडे करा आणि दोन-तीन फेऱ्या मारा. सगळीकडे एकसारखी फिकट तांबूस धूळ बसेल. जिथे कूलंट झिरपते तिथे ती काळपट, ओलसर तपकिरी होते आणि सुकल्यावर तिच्या कडेला हिरवी किंवा गुलाबी खपली दिसते, तुमच्या कूलंटच्या रंगाप्रमाणे. वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र, ब्लॉकच्या बाजूच्या गोल डम्या (छिद्रे बंद करणारी पत्र्याची बुचे), हेडच्या आणि ब्लॉकच्या सांध्याची सबंध रेघ आणि रेडिएटरच्या टाकीची दुमडलेली कड ही ठिकाणे टॉर्च घेऊन बारकाईने पाहा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडणारा थेंब खाली पोचतच नाही, त्याची जागच्या जागी वाफ होते आणि फक्त गोडसर वास येतो.

याच ओघात पाण्याविषयी. तुम्ही कूलंटमध्ये विहिरीचे पाणी मिसळत असल्याचे लिहिले आहे. खाडीकाठच्या विहिरी, विशेषतः उन्हाळ्यात, मचूळ होतात, आणि त्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमला आतून खातात. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमची आहेत. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही म्हणून नुसते पाणी पुरेल असे अनेकांना वाटते, परंतु कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमसाठी आवश्यक असतात. डब्यावर छापलेल्या प्रमाणात मिसळा आणि तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालूच नका. काढलेले कूलंट आगरात ओतू नका. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री आणि गुरे ते पितात.

घरी बांधलेल्या गाडीत आणखी एक तपासणी मी आवर्जून करतो. इंजिन रबरी माउंटिंगवर असते, आणि इंजिनापासून चौकटीपर्यंत अर्थिंगची जाड वायर नसेल तर स्टार्टरचा आणि पंख्याचा प्रवाह परतीचा रस्ता कूलंटमधून शोधतो. असे झाले तर ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला आतून सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि लाल तार धातूला न लागता कूलंटमध्ये बुडवा. सगळे दिवे आणि पंखा चालू करून, आणि स्टार्टर मारतानाही, आकडा पाहा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ व्होल्टच्या वर गेला तर आधी अर्थिंग नीट करा, नाहीतर नवा रेडिएटरही टिकणार नाही.

राहिली हेड गॅस्केट. तिच्यासाठी कोणता पुरावा मी मानतो आणि कोणता मानत नाही ते सांगतो. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधी थर दिसला एवढ्यावरून मी हेड खोलत नाही. आपल्या पावसाळी दमट हवेत, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या इंजिनात तो नुसत्या हवेतल्या बाष्पाने तयार होतो. ऑइलच्या काडीवर, किंवा ऑइल सोडताना तळातून दुधी द्रव आला तर मात्र ती गंभीर गोष्ट आहे. पूर्ण गार इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नसून सिलिंडरमधून येतो आहे. चारही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवा. तीन तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. सर्वांत खात्रीची तपासणी ब्लॉक टेस्टरची. त्यातला निळा द्रव रेडिएटरच्या मानेतून ओढलेल्या हवेत धरतात, आणि त्या हवेत जळालेला वायू असेल तर तो पिवळा पडतो. कूलंट थेट टेस्टरमध्ये ओढले जाऊ नये म्हणून पातळी थोडी कमी करून घ्या. तुमच्या गाडीत ही तपासणी थर्मोस्टॅटच्या कोपराजवळच्या भरण्याच्या जागेत करा, कारण सिलिंडरमधून आलेला वायू तिथेच जमणार.

द्रव निळाच राहिला, प्लग सारखे दिसले आणि होज सावकाश टणक झाला, तर हेडला हात लावू नका आणि टाकीचे काम हाती घ्या. द्रव पिवळा पडला तर हेड खोलावे लागेल, पण तेव्हाही नुसती गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन हेडची पातळी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासून घ्या. या प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतची वक्रता चालते, अचूक मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. त्याहून जास्त असेल तर मशीनवर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्या, ब्लॉकची वरची पातळीही त्याच पट्टीने पाहा, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळा. आणि हवा अडकण्याची मांडणी तशीच ठेवून नवी गॅस्केट बसवली तर तीही त्याच तापमानाला सामोरी जाईल, म्हणून निकाल काहीही येवो, टाकी आणि हवेच्या दोन नळ्या तुम्हाला कराव्याच लागतील. बाटलीच्या प्रयोगातले दोन्ही आकडे, गरम असतानाचा आणि सकाळचा, आणि वर विचारलेली चार मापे कळवा, म्हणजे टाकीची नेमकी उंची आणि नळ्यांच्या जागा मी तुम्हाला काढून देईन.